गोड मक्याच्या बियाण्यास औषध : गुण आला की नाही, हे शेतावर कसे ठरवावे

पावसाळा सुरू झाला की लोणावळा-खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर प्रवाशांची रीघ लागते, आणि निखाऱ्यावर भाजलेल्या कणसाला व मक्याच्या भज्यांना मोठा उठाव येतो. मावळ हा मूळचा भाताचा मुलूख. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून बाहेर पडलेल्या इंद्रायणी भाताने या मुलखाचे नाव दूरवर नेले. तथापि, ज्या शेतकऱ्यांच्या वाट्याला खाचराबरोबर थोडीफार वरकस, निचऱ्याची जमीनही आलेली आहे, त्यांना गोड मका हे दोन-अडीच महिन्यांत रोख पैसा देणारे पीक वाटू लागले, तर त्यात नवल नाही.

या पिकाची खरी कसोटी लागते ती मात्र पेरणीनंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांतच. महागडे बी टोकले जाते, पावसाची झड लागते, आणि दहा दिवसांनी पाहावे तो ओळीत जागोजाग नांगे पडलेले असतात. नांगे भरण्यासाठी पुन्हा बी टोकले तरी मागाहून उगवलेली रोपे आधीच्या रोपांच्या सावलीत खुरटतात व त्यांची कणसे मागे पडतात. संपूर्ण पेर मोडून पुन्हा करावी, तर पंधरा-वीस दिवस हातचे जातात आणि गर्दीचा हंगाम सरत आल्यावर कणीस बाजारात येते.

अशा वेळी शेजारी सांगतो, ‘बियाला औषध चोळा.’ सल्ला चुकीचा नाही. परंतु कोणते औषध, कोणत्या रोगावर, आणि या जमिनीत त्याचा गुण खरोखर येतो काय, या प्रश्नांचे उत्तर केवळ हिरवीगार रोपे पाहून मिळत नाही. औषध लावलेल्या बियांची रोपे चांगली आली, एवढ्यावरून औषधाने काम केले असे म्हणता येत नाही. त्या वर्षी पावसाने उघडीप दिली असेल, तर औषधाविनाही ती तशीच आली असती. म्हणून औषध न लावलेल्या ओळी शेजारी ठेवून तुलना करणे, हाच निर्णयाचा एकमेव भरवशाचा मार्ग होय.

गोड मक्याचे बी नाजूक का?

साध्या मक्याचा दाणा टणक व टपोरा असतो. त्यात साठविलेल्या पिठावर कोंब जमिनीबाहेर येईपर्यंत पोसला जातो. गोड मक्यात साखरेचे पिठात रूपांतर होण्याची क्रिया आनुवंशिक कारणामुळे अपुरी राहते. म्हणूनच कोवळा दाणा गोड लागतो, आणि वाळला की सुरकुततो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे संशोधक जॉन लॉफनन यांनी १९५३ च्या सुमारास, दाणा आक्रसविणाऱ्या एका गुणघटकामुळे मक्याचा गोडवा पुष्कळ वाढतो, हे दाखवून दिले. त्यातून अतिगोड वाणांचा उदय झाला. अतिगोड वाणांचे बी वजनाला हलके, चपटे व अधिकच सुरकुतलेले असते.

जो गुण खाणाऱ्याला हवा असतो, तोच पेरणाऱ्याला अडचणीचा ठरतो. अशा बियात कोंबासाठी शिदोरी थोडी, त्यामुळे कोंब वर येण्यास वेळ लागतो. दाण्याचे साल पातळ असल्याने मळणीत व हाताळणीत त्यास चिरा पडतात. शिवाय बी पाणी शोषू लागले की त्यातील साखर भोवतालच्या मातीत झिरपते, आणि मातीतील बुरशीला ते आयतेच आमंत्रण मिळते. साधा मका ज्या शेतात सहज उगवला, त्याच शेतात गोड मका विरळ का उगवतो, याचे उत्तर यात आहे.

मावळची जमीन व हवामान

समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवरील लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस कामशेत, वडगाव, तळेगाव असे उतरत गेल्यास पावसाचे मान झपाट्याने कमी होते. पवन मावळ, नाणे मावळ व आंदर मावळ या तिन्ही खोऱ्यांत डोंगरालगतच्या शेतांत व नदीकाठच्या शेतांत ओलीचा मोठा फरक असतो. साहजिकच एका गावी गुणकारी ठरलेली प्रक्रिया दुसऱ्या गावी तितकीच फायद्याची ठरेल, असे गृहीत धरता येत नाही.

खरिपात येथे प्रश्न थंडीचा नसून साचलेल्या पाण्याचा असतो. मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या की बियाला हवा मिळत नाही, आणि पाण्यात वाढणाऱ्या बुरशीला मात्र रान मोकळे मिळते. रब्बीत पाणी आटोक्यात असते, परंतु मार्गशीर्ष-पौषातील थंडीने जमीन गार पडते. साधा मका १० अंश सेल्सिअसपर्यंत कसाबसा उगवतो. अतिगोड वाणांना मात्र १५-१६ अंशांच्या खाली उगवण कठीण जाते. बी जितके दिवस जमिनीत पडून राहील, तितके दिवस ते रोगाच्या तोंडी राहते.

रोग कसा ओळखावा?

जेथे रोप उगवले नाही, तेथे माती उकरून बी पाहिल्याशिवाय रोगाचा निष्कर्ष काढू नये. बी जागेवरच नसेल, तर पक्षी, उंदीर किंवा मुंग्या यांचा संशय घ्यावा. कोंब फुटून जमिनीखालीच वेडावाकडा वाढला असेल, तर बी फार खोल पडले असेल किंवा वर मातीचा पापुद्रा धरला असेल. कोंब वा खोड कुरतडलेले असेल, तर ते किडीचे काम होय. या कोणत्याही कारणावर बुरशीनाशकाचा उपयोग नाही.

बी जागेवर असून कुजलेले असेल, तर पुढील खुणा पाहाव्यात. बी मऊ, पाणचट व तपकिरी होऊन बोटाने दाबताच चिरडत असेल, तर पायथियम या पाणथळ जमिनीत फोफावणाऱ्या बुरशीचा संभव अधिक. दाण्यावर पांढरी ते गुलाबी लव दिसत असेल, तर फ्युजेरियम, आणि निळसर-हिरवी भुकटी दिसत असेल, तर पेनिसिलियम समजावी. या दोन्ही बुरशी पुष्कळदा बियाबरोबरच शेतात येतात. रोप वर येऊन जमिनीलगत कोलमडले आणि तेथे तांबूस-तपकिरी खोलगट डाग आढळला, तर रायझोक्टोनियाचा संशय घ्यावा. केवडा रोगाची तऱ्हा वेगळी आहे. त्यात रोप एकदम मरत नाही, तर पानांवर फिकट पिवळे पट्टे पडतात आणि सकाळच्या दमट हवेत त्यांवर पांढरट लव दिसते.

डोळ्यांनी केलेले हे निदान प्राथमिक होय. शंका राहिल्यास कुजलेली काही बिया व रोपे, मुळांसह व भोवतालच्या मातीसह, कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्रज्ञांस दाखवावीत.

दोष बियाचा की जमिनीचा?

औषधाची परीक्षा घेण्यापूर्वी एक लहानशी चाचणी घरीच करून पाहण्याजोगी आहे. तीस औषध न लावलेले बी लागते. पेरणीच्या शेतातील माती आणून तिचे दोन समान भाग करावेत. एक भाग ओलसर करून झाकणाच्या भांड्यात वाफेवर अर्धा ते पाऊण तास चांगला तापवावा व पूर्ण गार होऊ द्यावा. दुसरा भाग तसाच ठेवावा. दोन स्वच्छ, तळाशी छिद्रे असलेल्या ट्रेमध्ये या मात्या भराव्यात आणि प्रत्येकात त्याच पिशवीतील ५०-५० बिया सारख्या खोलीवर टोकाव्यात. दोहोंस पाणी सारखेच द्यावे व माती सतत ओली राहील असे पाहावे. दहाव्या दिवशी रोपे मोजावीत.

तापविलेल्या मातीत उगवण चांगली व शेतातील मातीत कमी झाली, तर बी सशक्त असून रोग जमिनीत आहे. येथे बीजप्रक्रियेचा उपयोग होण्याची आशा बाळगता येते. दोन्हींत उगवण कमी झाली, तर बी जुने, दुबळे किंवा आतूनच रोगट आहे. मेलेल्या बियात कोणतेही औषध जीव ओतू शकत नाही. असे बी बदलावे. दोन्हींत उगवण चांगली झाली, तर शेतातील विरळ उगवणीचे कारण पाण्याचा निचरा, पेरणीची खोली किंवा पक्षी-उंदीर यांत शोधावे. बियाच्या उगवणशक्तीबद्दल तंटा असल्यास पुणे येथील शासकीय बीज परीक्षण प्रयोगशाळेकडून नमुना तपासून घेता येतो.

औषधांची निवड

महाराष्ट्रातील जुन्या शेतकऱ्यांस बीजप्रक्रिया नवीन नाही. ज्वारीच्या दाणे काणीवर बियाण्यास गंधकाची बारीक भुकटी चोळण्याचा प्रघात दीर्घकाळ चालत आला आहे. त्या रोगाचे बीजाणू दाण्याच्या पृष्ठभागावरच चिकटलेले असतात, त्यामुळे स्वस्त गंधकानेही काम भागते. मक्याच्या रोपांचे रोग मात्र एकाच बुरशीचे नसतात. काही बियात असतात, काही मातीत. यास्तव एकच औषध सर्वांवर चालेल, ही अपेक्षा ठेवू नये.

थायरम हे स्पर्शजन्य बुरशीनाशक बियाभोवती संरक्षक कवच धरते व अनेक प्रकारच्या बुरशींस आवर घालते. त्याचे एक किलो बियास २ ते ३ ग्रॅम हे प्रमाण सामान्यतः प्रचारात आहे. मेटॅलॅक्झिल हे औषध पायथियम व केवडा यांच्या वर्गातील बुरशीवर प्रभावी आहे, परंतु फ्युजेरियम किंवा रायझोक्टोनियावर त्याचा उपयोग नाही. कार्बोक्सिनचा उपयोग रायझोक्टोनिया व काणी यांच्या वर्गातील बुरशीवर होतो. ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक उपकारक बुरशी असून ती रोगकारक बुरशीशी जागेसाठी व अन्नासाठी स्पर्धा करते. ती जिवंत असल्यामुळे ताजी असली पाहिजे व उन्हात ठेवता कामा नये. रासायनिक बुरशीनाशकाबरोबर ती एकाच वेळी चोळल्यास बहुधा तीच आधी मरते.

कोणतेही औषध घेताना ते मक्याच्या बीजप्रक्रियेसाठी नोंदलेले आहे काय हे वेष्टनावरील मजकुरावरून पाहावे, आणि प्रमाण त्यातच दिल्याप्रमाणे ठेवावे. बाजारातील संकरित गोड मक्याचे बी बहुधा औषध लावूनच, रंगवून विकले जाते. तशी नोंद पिशवीवर असते. अशा बियास पुन्हा औषध चोळू नये. माधुरी, प्रिया यांसारख्या संमिश्र वाणांचे औषध न लावलेले बी मिळाल्यास या लेखातील परीक्षा त्यावर घ्यावी.

औषध लावण्याची रीत

गोड मक्याचे बी ठिसूळ असल्याने ते फरशीवर घासून किंवा जोराने चोळून प्रक्रिया करू नये. झाकणाच्या स्वच्छ डब्यात किंवा हाताने फिरविण्याच्या बीजप्रक्रिया पिंपात बी निम्म्यापर्यंतच भरावे. थोडेसे पाणी शिंपडून बी केवळ ओलसर करावे, मोजून घेतलेली भुकटी टाकावी, झाकण लावावे व पाच मिनिटे सावकाश फिरवावे. सुरकुत्यांतही भुकटी बसली आहे असे दिसले की बी सावलीत पसरून सुकवावे. औषध तराजूवर मोजूनच घ्यावे. ‘चमचाभर’ हे माप नव्हे. जास्त औषधाने कोंबास इजा होते, कमी औषधाने रोग राहतो.

परीक्षेसाठी ठेवलेले औषधाविना बीदेखील वेगळ्या स्वच्छ डब्यात तितकेच पाणी शिंपडून तितकाच वेळ फिरवावे. तसे न केल्यास पुढे दिसणारा फरक औषधाचा की ओलावण्याचा व हाताळणीचा, हे सांगता येणार नाही.

दोन गुंठ्यांतील परीक्षा

शेतावरील प्रयोगाची शास्त्रशुद्ध पद्धती इंग्लंडमधील रॉदमस्टेड येथे रोनाल्ड फिशर यांनी विकसित केली. त्यांचा प्रयोगांच्या आखणीवरील ग्रंथ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात ही पद्धती कृषी कार्यकर्त्यांच्या हाती देण्याचे काम वि. गो. पानसे व पां. वा. सुखात्मे या दोघा महाराष्ट्रीय संख्याशास्त्रज्ञांनी केले. त्यांचा ग्रंथ भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ मध्ये प्रकाशित केला व तो पुढे अनेक पिढ्यांना मार्गदर्शक ठरला. या पद्धतीचे मर्म तीन गोष्टींत आहे : तुलनेसाठी उपचाराविना ओळी, प्रत्येक उपचाराची पुनरावृत्ती, आणि जागांची वाटणी चिठ्ठ्या टाकून.

तीन उपचार घ्यावेत : (अ) औषधाविना, (आ) थायरम, (इ) ट्रायकोडर्मा. शेताचे उताराप्रमाणे चार पट्टे पाडावेत, म्हणजे वरचा कोरडा पट्टा पहिला व खालचा, पाणी साचणारा पट्टा चौथा. प्रत्येक पट्ट्यात तिन्ही उपचारांसाठी एकेक वाफा असावा. कोणता वाफा कोणत्या उपचारास द्यावयाचा, हे प्रत्येक पट्ट्यासाठी नव्याने चिठ्ठ्या टाकून ठरवावे. सोयीसाठी औषधाचे वाफे बांधालगत व औषधाविना वाफे खोलगट भागात टाकले, तर प्रयोग सुरू होण्यापूर्वीच त्याचा निकाल लागलेला असतो.

प्रत्येक वाफ्यात ५ मीटर लांबीच्या चार ओळी, दोन ओळींत ७५ सेंटिमीटर व दोन बियांत २० सेंटिमीटर अंतर ठेवावे. एका ओळीत २५ याप्रमाणे वाफ्यात १०० बिया बसतात. असे बारा वाफे १८० चौरस मीटरांत, म्हणजे दोन गुंठ्यांच्या आतच मावतात. बी वरंब्यावर, वाफसा असताना, ३ ते ४ सेंटिमीटर खोल टोकावे.

दोन गोष्टींची विशेष दक्षता घ्यावी. पहिली, एका ठिकाणी एकच बी टोकावे. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे दोन-दोन बिया टोकल्या, तर एक कुजली तरी दुसरी उगवते आणि रोग झाकला जातो. दुसरी, औषधाविना वाफे आधी टोकावेत व औषधाचे मागाहून, म्हणजे हाताला लागलेली भुकटी चुकूनही औषधाविना बियास लागणार नाही. वाफ्यांच्या खुंट्यांवर औषधाचे नाव न लिहिता फक्त क्रमांक घालावा. मोजणारा मनुष्य कोणता वाफा कशाचा हे जाणत नसेल, तर त्याची मोजणी निःपक्षपाती राहते.

मोजणी व हिशेब

सातव्या, चौदाव्या व एकविसाव्या दिवशी प्रत्येक वाफ्यातील उभी रोपे मोजून वहीत लिहावीत. उगवून नंतर कोलमडलेल्या रोपाच्या जागी काडी रोवावी, म्हणजे न उगवलेले बी व उगवून मेलेले रोप यांतील भेद कळतो. पाऊस कोणत्या दिवशी पडला, पाणी किती वेळ तुंबले, याचीही नोंद ठेवावी. अंतिम निर्णय एकविसाव्या दिवशीच्या जिवंत रोपांवरून करावा.

हिशेबाची रीत समजावी म्हणून पुढील आकडे केवळ कल्पून घेतले आहेत. ते कोणत्याही प्रत्यक्ष प्रयोगाचे नाहीत. समजा, चार पट्ट्यांत औषधाविना वाफ्यांत अनुक्रमे ६८, ७४, ६१ व ७१ रोपे उभी राहिली, थायरमच्या वाफ्यांत ८४, ८६, ७९ व ८३, आणि ट्रायकोडर्माच्या वाफ्यांत ७६, ७३, ७४ व ७०. सरासरी अनुक्रमे ६८.५, ८३ व ७३.२५ येते.

केवळ सरासरी पाहून दोन्ही उपचार गुणकारी ठरविणे उतावीळपणाचे होईल. प्रत्येक पट्ट्यातील फरक वेगळा काढावा. थायरमचा औषधाविना वाफ्यांवरील फायदा चार पट्ट्यांत १६, १२, १८ व १२ रोपांचा आहे. तो सर्वत्र एकाच दिशेचा व भरीव आहे. ट्रायकोडर्माचा फरक मात्र ८, उणे १, १३ व उणे १ असा आहे. दोन पट्ट्यांत ती औषधाविना वाफ्यांहूनही किंचित मागे पडली.

ज्यांना गणिताची गोडी आहे त्यांनी फरकांच्या सरासरीस तिच्या प्रमाण-त्रुटीने भागावे. थायरमसाठी सरासरी फरक १४.५ व त्रुटी १.५, म्हणजे भागाकार सुमारे ९.७ येतो. ट्रायकोडर्मासाठी ४.७५ भागिले सुमारे ३.५, म्हणजे सुमारे १.४. चार जोड्यांच्या प्रयोगात हा भागाकार ३.१८ हून अधिक आला, तरच फरक निव्वळ योगायोगाचा नसावा असे मानण्याचा संकेत आहे. म्हणून या कल्पित उदाहरणात थायरमचा गुण सिद्ध झाला. ट्रायकोडर्माचा सिद्ध झाला नाही. ‘सिद्ध झाला नाही’ याचा अर्थ ‘ती निरुपयोगी आहे’ असा मात्र नव्हे. अधिक पट्टे घेऊन किंवा पुढील हंगामात तिची पुन्हा परीक्षा घेण्यास जागा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

रोपांचा हा फरक पैशांत कसा उतरतो, तेही पाहावे. ७५ बाय २० सेंटिमीटर अंतरावर एका गुंठ्यात सुमारे ६७४ रोपांची जागा असते. त्यांतील ७० टक्के उभी राहिली तर ४७२ रोपे मिळतात आणि ८५ टक्के राहिली तर ५७३. एका रोपास विकण्याजोगे एकच कणीस धरले, तरी गुंठ्यास सुमारे शंभर व एकरास सुमारे चार हजार कणसांचा फरक पडतो. या रकमेतून औषधाचा व मजुरीचा खर्च वजा जाता काय उरते, ते प्रत्येकाने आपल्या बाजारभावाने काढावे. फरक एक-दोन टक्क्यांचाच असेल, तर औषधावर पैसा न घालता निचऱ्याचे चर खोदण्यात तो घालणे अधिक शहाणपणाचे.

निकाल किती ताणावा?

एका हंगामाचा निकाल त्या हंगामापुरताच असतो. कोरड्या वर्षी रोगच आला नाही, तर सर्व वाफे सारखेच दिसतील. त्यावरून औषध निकामी ठरत नाही, परीक्षाच झालेली नसते. रोगाची परीक्षा रोग हटकून येतो अशा ठिकाणीच घ्यावी, हे तत्त्व संशोधकही पाळतात. भाताचे वाण करपा रोगास कितपत टिकाव धरतात हे पाहण्यासाठी लोणावळ्याच्या दमट हवेचा उपयोग करून घेतला जातो, तो याच कारणाने. निदान दोन खरीप हंगाम तरी परीक्षा घ्यावी. एकाच खोऱ्यातील तीन-चार शेतकऱ्यांनी एकाच आखणीने ती घेतली, तर एका वर्षातच पुष्कळ अधिक ज्ञान हाती येते.

बीजप्रक्रियेच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. तिचे कवच पहिल्या दोन-तीन आठवड्यांपुरते असते. सतत पाणी तुंबणाऱ्या जमिनीत बी हवेवाचून गुदमरते, तेथे औषध काहीच करू शकत नाही. सरी-वरंबा, उताराकडे काढलेले चर, उथळ टोकण व वाफशाची वाट पाहण्याचा धीर, हे उपाय औषधाच्या आधीचे आहेत.

औषध लावलेले बी म्हणजे विष

या विषयातील सर्वात गंभीर धडा परदेशातून मिळालेला आहे. १९७१-७२ मध्ये इराकमध्ये पाऱ्याचे औषध लावलेले गहू व बार्लीचे बियाणे शेतकऱ्यांस वाटण्यात आले. पोत्यांवरील सूचना परक्या भाषेत होत्या. काही कुटुंबांनी बियाचा रंग धुऊन टाकला, रंगाबरोबर विषही गेले असे समजून त्याच्या भाकरी केल्या. ६,५३० माणसे रुग्णालयांत दाखल झाली व त्यांपैकी ४५९ दगावली. विषाची लक्षणे काही आठवड्यांनी दिसू लागली, तोवर बराच उशीर झाला होता. भारतातही एके काळी पारायुक्त बीजौषधे सर्रास वापरली जात. त्यांपैकी मेथॉक्सी इथिल मर्क्युरी क्लोराइड या औषधावर केंद्र शासनाच्या २०१८ च्या आदेशाने बंदी आली. जुन्या कोठारात अशा औषधाचा डबा सापडल्यास तो वापरू नये, उघडू नये. कृषी अधिकाऱ्यांस कळवावे.

आजची औषधे तितकी जहाल नसली तरी ती विषेच आहेत. प्रक्रिया उघड्या, हवेशीर जागी, हातमोजे घालून व नाकातोंडावर फडके बांधून करावी. त्या वेळी तंबाखू, विडी वा खाणेपिणे वर्ज्य करावे. थायरम हाताळल्यानंतर मद्यप्राशन विशेष घातक ठरते. चेहरा लाल होणे, छाती धडधडणे, ओकारी येणे अशी लक्षणे त्यातून उद्भवतात. स्वयंपाकाचे भांडे या कामी कदापि वापरू नये. उरलेले बी धुऊन खाण्यात आणू नये, दळू नये, गुरांना वा कोंबड्यांना घालू नये. थायरम लावलेल्या दाण्यांनी कोंबड्यांचे पाय अधू होतात व अंड्यांचे कवच मऊ पडते. लागेल तेवढ्याच बियास औषध लावावे, म्हणजे उरण्याचा प्रश्नच येत नाही. उरलेच, तर त्यावर स्पष्ट मराठीत ‘विष’ असे लिहून ते मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी कुलपात ठेवावे.

गोड मक्याचे रोप वाचविण्यासाठी औषध हे एक साधन आहे, आणि साधनाची पारख करूनच ते हाती घ्यावयाचे असते. दोन गुंठे जमीन, बाराशे बिया, बारा खुंट्या व एक वही, एवढ्या सामग्रीवर मावळातील कोणत्याही शेतकऱ्यास ही पारख स्वतः करता येईल. औषध न लावलेल्या वाफ्यातील काही रोपे मेली, तर ते नुकसान समजू नये. पुढील वर्षी संपूर्ण शेतावर औषधाचा खर्च करावा की न करावा, हे त्या वाफ्यांवरूनच कळते.